योगचिकित्सा : आजार एक असला तरी साधना प्रत्येकाची वेगळी

मधुमेहाला अर्धमत्स्येंद्रासन, दम्याला भुजंगासन, कंबरदुखीला शलभासन, थायरॉइडला सर्वांगासन. अशा याद्या आज जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात, आणि बडोद्यात कमाटीबागेत सकाळी फिरायला येणारी मंडळी त्या एकमेकांना आपुलकीने पाठवतात. त्यामागची कळकळ खरी असते. परंतु या याद्यांमध्ये रोगाचे नाव असते, रोगी मात्र कुठेच नसतो. तो किती वर्षांचा आहे, त्याला आणखी कोणते आजार आहेत, त्याची झोप कशी आहे, तो जेवतो कधी आणि त्याला भीती कशाची वाटते, यांतले काहीही यादीला ठाऊक नसते. योगचिकित्सेचे काम याच प्रश्नांपासून सुरू होते, म्हणून तिची ओळख करून घेताना आधी यादी बाजूला ठेवावी लागते.

योगवर्ग आणि योगचिकित्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. वर्गात पंचवीस-तीस माणसे एका सूचनेवर एकच आसन करतात, आणि निरोगी किंवा साधारण प्रकृतीच्या माणसांसाठी ती पद्धत उत्तम आहे. चिकित्सेत समोर एक माणूस असतो. त्याच्या डॉक्टरांनी केलेले निदान हातात घेऊन, त्याची शक्ती, सवयी, घरची परिस्थिती आणि मनाचा कल पाहून, योगाच्या मोठ्या भांडारातून त्याला झेपतील अशा मोजक्या गोष्टी निवडल्या जातात. त्यांत आसने असतात तसेच श्वसनाचे अभ्यास, शिथिलीकरण, ध्यान, आहारातील बदल आणि दिनचर्येची दुरुस्ती यांनाही स्थान असते. दोन-तीन आठवड्यांनी परिणाम पाहून ही निवड पुन्हा तपासली जाते. डॉक्टरांचे औषध या काळात चालूच राहते, कारण योगचिकित्सा ही त्या उपचाराच्या जोडीने चालायची गोष्ट आहे.

निवड माणसागणिक का बदलते, हे कंबरदुखीच्या उदाहरणावरून चांगले कळते. समजा, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात दिवसभर संगणकापुढे बसणारा पस्तिशीचा तरुण आहे. पुढे वाकले, शिंक आली किंवा मोटारसायकल खड्ड्यात आदळली की त्याच्या कमरेतून डाव्या पायात कळ जाते, आणि एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली चकती मागे सरकलेली दिसते. पुढे वाकल्यावर त्या चकतीवरचा दाब वाढून ती आणखी मागे ढकलली जाते, म्हणून पश्चिमोत्तानासन किंवा उभ्याने पायाचे अंगठे धरणे त्याला सध्या वर्ज्य. त्याला पोटावर झोपवून मकरासनात श्वास शांत करायला सांगतात, मग कोपरे जमिनीवर टेकून छाती थोडीशीच वर घेणारे सौम्य भुजंगासन करून पाहतात. पायातली कळ मांडीकडून वर सरकत कमरेपुरती उरली, तर दिशा बरोबर आहे असे समजायचे. ती खाली पोटरीकडे पसरू लागली, तर तिथेच थांबायचे.

आता याच तरुणाच्या शेजारचे सत्तरीचे आजोबा घेऊ. तेही कंबर दुखते म्हणतात. पण सुरसागर तलावाची एक फेरी पुरी होण्याआधीच त्यांचे दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या बधिर वाटतात, आणि कठड्यापाशी पुढे वाकून बसले की पाच मिनिटांत बरे वाटते. वयोमानाने त्यांच्या मणक्यांमधली, मज्जातंतू जाण्याची वाट अरुंद झालेली आहे. मागे वाकल्यावर ती आणखी आवळते आणि पुढे वाकल्यावर थोडी मोकळी होते. तरुणाला आराम देणारे भुजंगासन या आजोबांच्या पायांना मुंग्या आणील. त्यांना पाठीवर झोपून एकेक गुडघा हळूच छातीकडे घेणे, पाय खुर्चीवर ठेवून पडून राहणे आणि पोटाचे स्नायू हलक्या हाताने बळकट करणे, हे मानवते. यादीत दोघांपुढे ‘कंबरदुखी’ हा एकच शब्द असता, आणि दोघांपैकी एकाचे दुखणे तिने नक्की वाढवले असते.

असेही पुष्कळ लोक असतात, ज्यांच्या तपासण्यांमध्ये दुखण्याइतके मोठे काही सापडत नाही, तरीही वर्षानुवर्षे कंबर दुखत राहते. एकदा जोराची कळ आलेली असते, तेव्हापासून वाकण्याचीच धास्ती बसते, स्नायू सतत आवळलेले राहतात आणि आवळलेले स्नायू पुन्हा दुखतात. अशा माणसाला कोणते आसन दिले यापेक्षा, श्वासाच्या लयीत न दुखता हलता येते हा अनुभव त्याला किती वेळा मिळाला, याला अधिक मोल आहे.

या विचाराला आधुनिक रूप देणाऱ्यांमध्ये बडोद्याच्या परिसराचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या मराठी घरांत तो अधिक सांगितला जायला हवा असे मला मनापासून वाटते. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेलेले जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोईला झाला. संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवून ते बडोदा कॉलेजात शिकले. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. त्यानंतर त्यांना गुरू लाभले ते नर्मदाकाठच्या माळसरचे परमहंस माधवदास. मुंबईत १९१८ साली योग संस्था स्थापन करणारे श्रीयोगेंद्र, म्हणजे पूर्वाश्रमीचे मणिभाई देसाई, हेही याच माधवदासांचे शिष्य. आधुनिक योगचिकित्सेच्या दोन आद्य संस्थांची, म्हणजे ही योग संस्था आणि कुवलयानंदांनी पुढे काढलेले कैवल्यधाम यांची, मुळे अशी आपल्या बडोदा जिल्ह्यातल्या एकाच आश्रमात सापडतात.

कुवलयानंदांचे वेगळेपण हे की गुरूंनी शिकवलेल्या क्रियांवर त्यांची नितांत श्रद्धा होती, आणि तरीही त्या क्रिया करताना शरीरात नेमके काय घडते हे तपासून पाहण्याची निकड त्यांना वाटली. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात आपल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. उड्डियान (श्वास सोडून पोट आत आणि वर ओढणे) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणे) करताना पोटाच्या आत काय होते हे क्ष-किरणांनी पाहिले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून मोजले आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, ज्यात प्रयोगांची मोजमापे आणि योगाभ्यासाची माहिती शेजारी-शेजारी छापली जाई. योगाला प्रयोगशाळेची दारे उघडली गेली ती अशी. दक्षिणेत १९३० च्या दशकात म्हैसूरला आणि पुढे मद्रासला तिरुमलै कृष्णमाचार्य योग शिकवत होते. साधकाचे वय, बळ आणि गरज पाहून त्याला एकट्याला शिकवायचे, हा त्यांच्या उत्तरायुष्यातील अध्यापनाचा कणा होता.

माणसागणिक उपचार ही कल्पना मात्र या आधुनिक आचार्यांच्याही पुष्कळ आधीची आहे. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात धौती, बस्ती, नेती इत्यादी सहा शुद्धिक्रिया सांगताना स्वात्माराम स्पष्ट म्हणतो की ज्याच्या शरीरात मेद आणि कफ अधिक आहे त्याने त्या आधी कराव्यात, आणि ज्याचे वात, पित्त आणि कफ हे दोष समतोल आहेत त्याने त्या करू नयेत. योग्य रीतीने केलेल्या प्राणायामाने रोग नाहीसे होतात आणि चुकीच्या अभ्यासाने उचकी, धाप, खोकला, डोके-कान-डोळ्यांचे दुखणे उद्भवते, असा इशाराही त्याच ठिकाणी आहे. सरसकट सर्वांना एकच क्रिया सांगणारा माणूस आधुनिक वैद्यकाच्या विरोधात जातोच, पण ज्या परंपरेचे नाव तो घेतो तिच्याही विरोधात जातो.

आता योगचिकित्सक समोरच्या माणसाकडे पाहतो कसा, ते पाहू. यासाठी बहुतेक जण तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची चौकट वापरतात. अन्नमय म्हणजे हे दिसणारे शरीर, प्राणमय म्हणजे श्वास आणि त्यावर चालणारे व्यापार, मनोमय म्हणजे भावना आणि काळज्या, विज्ञानमय म्हणजे समज आणि विवेक, आणि आनंदमय म्हणजे ज्यामुळे जगावेसे वाटते ते. ही चौकट तत्त्वज्ञान म्हणून खोल आहेच, पण चिकित्सेच्या खोलीत तिचा उपयोग अगदी व्यावहारिक होतो. प्रश्न विचारताना माणसाचा कोणता भाग विचारायचा राहिला, हे तिच्यामुळे लक्षात येते.

समजा, बडोद्याच्या वाडी भागात राहणाऱ्या छप्पन्न वर्षांच्या एका काकू आल्या आहेत. रक्तदाब वाढलेला आहे, गोळी चालू आहे आणि झोप पुरी होत नाही. पहिल्या भेटीतला बराच वेळ त्या सतरंजीवर नव्हे, खुर्चीवर बसूनच जाईल.

“काकू, रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर झोप किती वेळात लागते?”

“लागायला लगेच लागते हो. पण तीनला जाग येते, ती मग झोप येतच नाही.”

“त्या वेळी मनात काय येतं?”

“मुलगा कॅनडाला आहे ना. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. कामावरून आला असेल, फोन करील, असं वाटत राहतं.”

गोळीच्या पाकिटावर किंवा रक्ताच्या तपासणीत ही तीनची जाग आणि हा फोन कुठेही लिहिलेला नसतो. आणखी थोडे विचारल्यावर कळते की रात्रीचे जेवण साडेनऊला होते, सोबत पापड आणि लोणचे असतेच आणि संध्याकाळच्या चहाबरोबर फरसाण ठरलेले, म्हणजे दिवसभरात मीठ बरेच जाते. कळते की गोळी सुरू झाल्यापासून ‘आता आपण कायमच्या रोगी’ अशी त्यांची समजूत झाली आहे. आणि हेही कळते की मुलगा परदेशी गेल्यावर त्यांनी भजनी मंडळाला जाणे सोडून दिले.

त्यानंतर चिकित्सक त्यांना आडवे व्हायला सांगतो आणि फक्त पाहतो. हनुवटी वर उचललेली राहते, म्हणून डोक्याखाली घडी केलेली चादर ठेवली जाते. गुडघ्यांखाली लोड ठेवल्याबरोबर कमरेचा ताण उतरतो. एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला सांगितल्यावर दिसते की श्वास घेताना छातीवरचा हात खांद्यांसह वर जातो आणि पोट उलट आत ओढले जाते. मिनिटाला श्वास मोजले तर ते वीसच्या आसपास भरतात. काकूंना स्वतःला याची कल्पनाही नसते. श्वास घेताना पोट हलकेच वर आले पाहिजे, हे त्यांच्या हाताला जाणवेपर्यंत दहा मिनिटे सहज जातात, आणि त्या दिवशी तेवढे झाले तरी पुरे असते.

यातून जी साधना ठरते ती दिसायला अगदी साधी असते. खुर्चीवर बसून श्वासाबरोबर हात वर-खाली करणे, हातगुडघ्यांवर येऊन मार्जारासन, कंबर थोडीशीच उचलणारे सेतुबंधासन, मग पडून चार आकड्यांत श्वास आणि सहा आकड्यांत उच्छ्वास, शेवटी भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणे) आणि शवासन, असा सगळा मिळून वीस-पंचवीस मिनिटांचा क्रम. सर्वांगासन, श्वास रोखणे आणि भस्त्रिका (भात्यासारखा जोराचा श्वासोच्छ्वास) यांना रक्तदाबामुळे मनाई. रात्रीचे जेवण आठच्या आत, पापड-लोणचे एकाआड एक दिवस, मग आठवड्यातून एकदा. तीनला जाग आली तर फोन उचलायचा नाही, डाव्या कुशीवर वळून उच्छ्वास मोजायचे. मुलाशी बोलायची वेळ दोघांनी मिळून ठरवून घ्यायची, म्हणजे रात्रभर वाट पाहणे उरत नाही. आणि गुरुवारचे भजन पुन्हा सुरू करायचे. ही शेवटची सूचना मन रमवण्यापुरती नाही. अभंगाची ओळ एका दमात म्हणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि जे पाच माणसांसोबत आनंदाने होते ते काकू वर्षभर सोडणार नाहीत. रक्तदाब रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहायचा आणि ती वही डॉक्टरांना दाखवायची. गोळीत बदल करायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांचा आहे.

श्वासाला एवढे महत्त्व का दिले जाते, याचे शारीरिक कारणही समजून घेण्याजोगे आहे. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, पचन, घाम हे सारे आपल्या इच्छेविना चालवणारी एक स्वायत्त मज्जासंस्था शरीरात आहे. तिचा एक भाग धावपळीच्या आणि संकटाच्या वेळी पुढे सरसावतो, तर दुसरा विश्रांती, पचन आणि झीज भरून काढण्याची कामे पाहतो. या संस्थेच्या बहुतेक कामांवर आपला थेट ताबा नसतो. श्वास हा मोठा अपवाद आहे, कारण तो आपोआपही चालतो आणि ठरवून बदलताही येतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंद होतात. हा मंदावा मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूमुळे येतो, म्हणून उच्छ्वास लांबवला की विश्रांतीच्या बाजूला अधिक वाव मिळतो. मानेतील आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्तदाब जोखणाऱ्या संवेदी जागा असतात. सर्वसाधारण माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, ते सहाच्या आसपास आणले तर या जागांचा प्रतिसाद अधिक तल्लख होतो, असे मोजमापांतून दिसले आहे.

परंतु सहा हा आकडा गाठण्यासाठी श्वासाशी झगडणे चुकीचे आहे. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या माणसाला असा प्रयत्न गुदमरवून टाकतो. ज्याला अचानक घबराटीचे झटके येतात, त्याला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले तर झटका तिथेच येऊ शकतो. अशा माणसाकडून आधी उभ्याने, डोळे उघडे ठेवून हातापायांच्या हालचाली करून घेतात, आणि श्वासाचे नाव काही दिवस काढतही नाहीत. पतंजलींनी आजारपणाचा उल्लेख चित्ताच्या विक्षेपांमध्ये, म्हणजे मन विचलित करणाऱ्या अडथळ्यांमध्ये, केला आहे आणि दुःख, खिन्नता, अंगाची थरथर आणि अनियमित श्वास ही त्या विक्षेपांच्या सोबत येणारी लक्षणे सांगितली आहेत. ही चारही एका माणसात एकत्र दिसतात, हे चिकित्सेच्या खोलीत रोज अनुभवाला येते. कुणाच्या बाबतीत श्वासाकडून शिरायचे, कुणाच्या बाबतीत अंगाकडून आणि कुणाच्या बाबतीत आधी नुसते ऐकून घ्यायचे, हे ओळखण्यातच चिकित्सकाची खरी कसोटी लागते.

स्थळकाळाचाही विचार यात येतो. बडोद्यात उत्तरायणाला दोन दिवस गच्चीवर मान वर करून पतंग उडवल्यावर मान आणि खांदे धरतात, नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळल्यावर गुडघे आणि टाचा बोलू लागतात. अशा वेळी नवी आसने वाढवण्याऐवजी चालू असलेली कमी करून विश्रांतीचा भाग वाढवणे शहाणपणाचे ठरते. गुडघ्याची कूर्चा आधीच झिजलेली असेल, तर वज्रासनाचा हट्ट तर मुळीच धरू नये.

योगचिकित्सेच्या परिणामांविषयी पुरावा किती आहे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. बंगळूरच्या डॉ. नागरत्ना आणि डॉ. नागेंद्र यांचा दम्यावरील अभ्यास १९८५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दम्याच्या ५३ रुग्णांना दोन आठवडे योगाचे शिक्षण देऊन पुढे रोज सराव करायला सांगितले होते आणि तेवढ्याच रुग्णांशी त्यांची तुलना केली होती. योग करणाऱ्यांमध्ये आठवड्यातील दम्याचे झटके आणि औषधांची गरज अधिक कमी झाली व श्वास जोराने सोडण्याची क्षमता अधिक सुधारली. जुनाट कंबरदुखीबाबत अमेरिकेत ३२० प्रौढांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बारा आठवड्यांचे योगवर्ग फिजिओथेरपीच्या तुलनेत कमी पडले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट कंबरदुखीत औषधांच्या आधी वापरून पाहाव्यात अशा उपायांमध्ये योगाचा समावेश केला.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या पुनर्वसनासाठी योगाचा उपयोग पाहणारा मोठा अभ्यास आपल्याच देशात, २४ केंद्रांमध्ये, ३,९५९ रुग्णांवर झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्या रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. मात्र पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांत योगामुळे निश्चित फरक पडतो, असे त्या अभ्यासातून सिद्ध करता आले नाही. या निष्कर्षाचे दोन्ही भाग सांगितले पाहिजेत. पहिला भाग तेवढा सांगून दुसरा गाळणारे लोक योगाचे नुकसान करतात, असे माझे ठाम मत आहे.

या क्षेत्रात संशोधन करण्यात एक मूलभूत अडचणही आहे. औषधाच्या चाचणीत कुणाला खरी गोळी मिळाली आणि कुणाला नुसती साखरेची, हे लपवता येते. आपण योग करत आहोत की नाही, हे कुणापासून लपवणार? शिवाय अभ्यासासाठी सर्वांना एकच ठरावीक क्रम द्यावा लागतो, आणि योगचिकित्सेचे बळ तर क्रम माणसानुसार बदलण्यात आहे. त्यामुळे चाचणीत जे मोजले जाते ते प्रत्यक्ष चिकित्सेपेक्षा थोडे वेगळेच असते. याचा अर्थ पुराव्याची गरज नाही असा मुळीच होत नाही. निदान ठरावीक क्रमानेही ज्या आजारांत फायदा दिसला आहे, तिथे अधिक विश्वासाने पुढे जाता येते.

ज्या ठिकाणी योगचिकित्सेने हात घालू नये, त्या जागाही तितक्याच स्पष्ट आहेत. छातीत कळ येऊन घाम फुटणे, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, पोटात असह्य दुखणे, तीव्र ताप, अस्थिभंग या वेळी १०८ ला फोन करायचा आणि इस्पितळ गाठायचे. क्षयरोगाची किंवा कर्करोगाची औषधे, इन्सुलिन, थायरॉइडची गोळी, मानसिक आजाराची औषधे ही योग सुरू केला म्हणून थांबवायची नाहीत. कर्करोगाच्या उपचारांदरम्यान थकवा आणि झोप यांसाठी सौम्य योगाची मदत होते, ती त्या उपचारांच्या सोबतीने.

काही आसने आणि क्रिया विशिष्ट आजारांत थेट अपाय करतात. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्याने डोके खाली जाईल अशी कोणतीही स्थिती घेऊ नये. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनाही हेच लागू आहे. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने बसून जोराने पुढे वाकले तर मणका दबून मोडू शकतो. गरोदरपणात आणि हर्नियात कपालभाती वर्ज्य. इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी लांबलचक सराव टाळावा आणि खिशात साखर ठेवावी. चिकित्सकाने हे सारे विचारण्याआधीच सतरंजी अंथरायला सांगितली, तर ती धोक्याची खूण समजावी.

म्हणूनच चिकित्सक निवडताना घाई करू नये. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाखालील योग प्रमाणन मंडळाने योगशिक्षक आणि योगचिकित्सक यांच्या वेगवेगळ्या श्रेणी ठरवल्या आहेत. वर्ग उत्तम घेणारा शिक्षक चिकित्सा करायला पात्र असेलच असे नाही, आणि चांगला शिक्षक हे स्वतःच सांगतो. निसर्गोपचार आणि योगशास्त्राची साडेचार वर्षांच्या शिक्षणाची आणि त्यापुढे एक वर्षाच्या प्रत्यक्ष कामाची पदवीही असते. प्रमाणपत्राइतकेच त्याचे वागणे पाहावे. तो तपासण्यांची फाइल वाचतो का, आपल्या डॉक्टरांचे नाव विचारतो का, ‘हे माझ्या आवाक्यातले नाही’ असे म्हणण्याची त्याची तयारी आहे का? अमुक दिवसांत सर्व गोळ्या बंद करून देण्याचे आश्वासन देणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

पहिल्या भेटीला जाताना फाइल, चालू औषधांची पाकिटे आणि शक्य असेल तर आठवडाभराची झोपेची व जेवणाची नोंद सोबत न्यावी. पोट हलके असावे आणि कपडे सैल. साधना घरी रोज करायची असते, म्हणून ती कुठे आणि कधी होईल हे तिथेच ठरवून घ्यावे. सुनेला सकाळी डब्याची घाई असताना तिने पाचला उठून चाळीस मिनिटे योग करावा, ही सूचना चार दिवसांत मोडते. दुपारी तीनला सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मिळणारी पंधरा मिनिटे तिच्यासाठी अधिक खरी आहेत. सराव करताना नवे दुखणे सुरू झाले, चक्कर आली किंवा झोप आणखी बिघडली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवावे. सुरुवातीला आठवड्याला एक, मग पंधरवड्याने एक, पुढे महिन्या-दोन महिन्यांनी एक अशा भेटी पुरतात. ऋतू बदलला की क्रम पुन्हा दाखवून घ्यावा, कारण जानेवारीच्या थंडीत अंगात ऊब यावी म्हणून दिलेला जोमदार क्रम मे महिन्याच्या उन्हात तसाच चालवता येत नाही. तेव्हा तो थोडा आखडता घेऊन, भस्त्रिका दिली असेल तर ती थांबवून, शीतली (जिभेची नळी करून गार श्वास आत घेणे) आणि लांब शवासन यांना अधिक वेळ द्यावा लागतो.